अँजिओग्राफी नॉर्मल, तरी छातीत दुखतं

आज आपण छातीच्या अशा दुखण्याबद्दल बोलू या, जे तपासायला गेलं की लपून बसतं.

पहाटे तीन-चारला जाग येते. छातीवर पाटा ठेवल्यासारखं दडपतं, घाम फुटतो, कधी जबडा नाहीतर हात भरून येतो. दहा-पंधरा मिनिटांत सगळं थांबतं. तीच बाई सकाळी वावरात जाते, दिवसभर निंदण करते, तेव्हा काहीच होत नाही. नागपूरला नेऊन अँजिओग्राफी केली, तर रिपोर्ट येतो नॉर्मल. मग घरचे म्हणतात, गॅस असेल, हिला टेन्शनच फार. दुखणं तसंच राहतं आणि बाई सांगणं सोडून देते. तिनं सांगणं सोडू नये, म्हणून आजचा हा विषय.

काटोल-नरखेडकडच्या संत्र्याच्या बागेतली ठिबकची नळी डोळ्यांपुढे आणा. पाणी दोन कारणांनी अडतं. एक, नळीत क्षार आणि गाळ साचतो. दुसरं, नळी चांगली असते, पण कुणाचा तरी पाय पडून दाबली जाते. पाय उचलला की पाणी सुरू. नंतर येऊन पाहणाऱ्याला नळी ठीकच दिसते.

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांचंही असंच आहे. चरबी साचून वाहिनी अरुंद झाली, तर ते अँजिओग्राफीत दिसतं. पण वाहिनीच्या भिंतीत स्नायू असतात. रात्री पायात गोळा येतो ना, तसा गोळा या वाहिनीलाही येतो. ती आवळते, रक्त अडतं, छातीत दुखतं. डॉक्टर याला स्पाझम म्हणतात. १९५९ साली अमेरिकेतले डॉ. मायरन प्रिन्झमेटल यांनी या दुखण्याचं नीट वर्णन केलं. ते बहुतेक वेळा आराम करताना, रात्री किंवा पहाटे येतं. अँजिओग्राफी होते दिवसा, गोळा नसताना. मग तो दिसणार कसा?

त्यासाठी वेगळी चाचणी आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोड्या वेळापुरता गोळा आणून बघायचा. जपानमध्ये डॉ. यासुए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली ॲसिटिलकोलीन हे औषध वापरून ती करून दाखवली. हा पदार्थ आपल्या शरीरातही तयार होतो. निरोगी वाहिनी त्यानं सहसा सैलावते. जिचं आतलं अस्तर बिघडलं आहे, ती आवळते.

चाचणी होते कॅथलॅबमध्ये, अँजिओग्राफीच्या जोडीनंच. वाहिन्या सैल करणाऱ्या गोळ्या डॉक्टर आधी काही काळ बंद करायला सांगतात. त्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत. मनगटाजवळची किंवा जांघेतली जागा बधिर करून बारीक नळी हृदयाच्या वाहिनीच्या तोंडापर्यंत नेतात. बाई जागीच असते, बोलू शकते. आधी नेहमीसारखे फोटो काढतात. मग औषध थोडं थोडं वाढवत सोडतात आणि तीन गोष्टी बघतात. नेहमीचंच दुखणं उठलं का? ईसीजी बदलला का? वाहिनी नव्वद टक्क्यांहून जास्त आवळली का? तिन्ही जुळलं, तर निदान पक्कं. दुखलं, ईसीजीही बदलला, पण मोठी वाहिनी उघडीच राहिली, तर दोष बारीक वाहिन्यांत असू शकतो. शेवटी नायट्रोग्लिसरीन देऊन आवळलेली वाहिनी मोकळी करतात.

यात धोका आहे का? आहे. ठोके काही क्षण मंदावतात किंवा अनियमित होतात. गंभीर त्रास क्वचित होतो, पण होऊ शकतो. म्हणून ही चाचणी सरावलेल्या डॉक्टरांकडेच, सगळी साधनं जवळ ठेवून करतात. संमतीच्या कागदावर सही करण्याआधी सगळं समजावून घ्या.

एवढं करून फायदा काय? औषध बदलतं. स्पाझमवर डिल्टियाझेम, अम्लोडिपिन यांसारख्या गोळ्या आणि जिभेखाली ठेवायची गोळी उपयोगी पडते. उलट, बीटा ब्लॉकर गटातल्या काही गोळ्या हृदयरोगात सर्रास दिल्या जातात, पण त्यांनी काहींचा स्पाझम वाढू शकतो. म्हणून नेमका आजार कळायला हवा. स्कॉटलंडमध्ये झालेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. वाहिन्यांत मोठा अडथळा नसलेल्या रुग्णांची अशी तपासणी करून त्याप्रमाणे उपचार दिले, तेव्हा त्यांचं छातीचं दुखणं कमी झालं.

आता आपल्या हातातली गोष्ट. विडी-सिगारेट स्पाझमचं मोठं कारण आहे. खर्रा आणि मिश्रीतही तंबाखूच असते, आणि तंबाखूतलं निकोटिन वाहिन्या आवळतं. कडाक्याची थंडी आणि मनावरचा ताणही निमित्त होतो. ताणामुळे दुखलं म्हणजे दुखणं खोटं, असं मात्र नाही.

नागपुरात मेडिकल, सुपर, मिहानचं एम्स अशी मोठी सरकारी रुग्णालयं आहेत. पण अँजिओग्राफी होते तिथे ही चाचणी होतेच असं नाही, म्हणून जाण्याआधी विचारा. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत आपला खर्च बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवा.

दुखलं की वहीत लिहा : किती वाजता, किती मिनिटं, तेव्हा काय करत होतो, कशानं थांबलं. लिहिता येत नसेल, तर मुलीकडून लिहून घ्या. ही वही, जुने ईसीजी आणि चालू गोळ्या डॉक्टरांपुढे ठेवा आणि सरळ विचारा, "डॉक्टर, रिपोर्ट नॉर्मल आहे, पण हा स्पाझम असू शकतो का? त्याची तपासणी करावी लागेल का?"

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. छातीत जोरात दुखलं, घाम आला, दम लागला, चक्कर आली, तर स्पाझमच असेल म्हणून घरी थांबू नका. स्पाझमनंही हार्ट अटॅक येऊ शकतो. लगेच १०८ ला फोन करा.

येत्या बैठकीत हे सगळ्यांना वाचून दाखवा. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गप्प बसलेली एखादी बाई आपल्याच गटात असेल. तिला बोलतं करा आणि दवाखान्यात जाताना दोघीजणी तिच्यासोबत जा.