चर्चगेटचं चर्च आणि बिशपची खुर्ची

चर्चगेट स्टेशनात चर्च नाही आणि गेटही नाही. गेट होतं ते किल्ल्याच्या तटाला. १८६०च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअरनं तट पाडायला काढला, त्यात ते गेलं आणि त्याचं नाव स्टेशनला उरलं. चर्च मात्र अजून जागच्या जागी आहे. स्टेशनातून बाहेर पडून पूर्वेकडे चालू लागलं, हुतात्मा चौक ओलांडला, की वीर नरिमन रस्त्यावर हॉर्निमन सर्कलच्या अलीकडे त्याचा पांढरा मनोरा दिसतो. हे सेंट थॉमस कॅथीड्रल. बँका, वकिलांची ऑफिसं आणि वडापावच्या गाड्या यांच्या मधोमध ते इतकं निमूट उभं आहे, की समोरून रोज जाणाऱ्यालाही ते अमुक म्हणून सांगता येत नाही. एके काळी मुंबईतली अंतरं याच्या दारापासून मोजत. काळबादेवी, परळ, दादर या भागांत सापडलेल्या जुन्या मैलाच्या दगडांवरचे आकडे याच चर्चपासूनचे आहेत.

कॅथीड्रल म्हणजे मोठं चर्च, असा आपला समज. तो चुकीचा आहे. उंचीच बघायची, तर कुलाब्याच्या अफगाण चर्चचा सुळका या मनोऱ्याला मागं टाकतो, पण ते कॅथीड्रल नाही. ‘कथेड्रा’ म्हणजे आसन. ज्या चर्चमध्ये बिशपची खुर्ची, ते कॅथीड्रल. सेंट थॉमस १७१८ पासून १८३७ पर्यंत साधं चर्चच होतं. मग मुंबईला बिशप मिळाला आणि त्याची खुर्ची इथे आली. म्हणून या वास्तूची गोष्ट सांगायची तर त्या खुर्चीवर कोण बसलं, त्यांना कुणी बसवलं आणि त्यांचं ऐकलं कुणी, तिथूनच सुरुवात करावी लागते.

खुर्ची येण्याआधीचा काळही मोठा आहे. गव्हर्नर जेराल्ड आँजिए यानं १६७६मध्ये चर्चचा पाया घातला. भिंती पुरुष-दोन पुरुष उंच आल्या आणि काम थांबलं. जमवलेला पैसा भलतीकडेच मुरला, अशी बोलवा त्या काळीच होती. जवळजवळ चाळीस वर्षं त्या भिंती ऊनपाऊस खात उभ्या राहिल्या आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरांची उपासना किल्ल्यातल्या एका खोलीत होत राहिली. १७१४मध्ये रिचर्ड कॉब नावाचा तरुण पाद्री आला. एवढ्या मोठ्या वखारीला धड चर्च नाही, ही लाज त्यानं प्रवचनातून सगळ्यांच्या पदरात टाकली, वर्गणीची यादी फिरवली आणि १७१८च्या नाताळात चर्च उघडलं.

त्या दिवसाची हकिगत कॉबनंच लिहून ठेवली आहे, आणि तीत एक ओळखीचा माणूस भेटतो. रामा कामत, मुंबईतला मातब्बर शेणवी व्यापारी. इंग्रजी कागदांत तो रामा कामाठी म्हणून येतो. वाळकेश्वराच्या देवळाच्या जीर्णोद्धाराशी त्याचं नाव जोडलेलं आहे. आपल्या मंडळींना घेऊन तो आला आणि उपासना संपेपर्यंत उभा राहून सगळं बघत होता. पुढे काय झालं ते कॉबच्या त्या वर्णनात नाही. कान्होजी आंग्र्यांशी संधान बांधल्याचा आरोप ठेवून त्याच कंपनी सरकारनं रामा कामताला पकडलं, १७२०मध्ये खटला चालवून कैदेत टाकलं. तो कैदेतच मेला. पुरावा म्हणून दाखवलेली पत्रं बनावट होती, हे नंतर उघड झालं. चर्चच्या दारात आदरानं उभ्या राहिलेल्या माणसाचं असं झालं, पण भिंतीवर त्याच्या नावाची पाटी नाही. असायचं कारणही नव्हतं म्हणा. पाट्या लावणारे दुसरे होते.

हा पाद्री, म्हणजे चॅप्लेन, कंपनीचा पगारी नोकर असे. कारकुनासारखाच. त्याला दीक्षा देणारा बिशप हजारो मैलांवर लंडनला, आणि इथे वरिष्ठ म्हणजे गव्हर्नर. १८१४मध्ये कलकत्त्याला बिशप नेमला गेला आणि मुंबईला त्याच्या हाताखाली आर्चडीकन मिळाला, जॉर्ज बार्न्स. कलकत्त्याचे बिशप मिडलटन १८१६मध्ये मुंबईला आले तेव्हा कुठे या चर्चचा विधिपूर्वक अभिषेक झाला. जवळपास शंभर वर्षं उपासना चालू होती ती अभिषेकावाचूनच! बार्न्सचं नाव मात्र नाशिककरांना अनोळखी नाही. त्यानं १८१५मध्ये उभी केलेली एज्युकेशन सोसायटी पुढे वाढत गेली, आणि देवळालीची बार्न्स शाळा हे तिचंच रोप. कॅथीड्रल शाळाही अशीच. १८६०मध्ये ती सुरू झाली ती या चर्चच्या गायकवृंदाला मुलं मिळावीत म्हणून. आज तिथे प्रवेशासाठी धडपडणाऱ्या पालकांना हे सांगून पाहावं.

१८३७मध्ये मुंबईचा वेगळा धर्मप्रांत झाला. इथली मंडळी त्याला डायोसिस म्हणतात. पहिले बिशप टॉमस कार. आधी कंपनीचे चॅप्लेन, मग आर्चडीकन, मग बिशप. म्हणजे खात्यांतर्गत बढतीच! नेमणूक राणीच्या सहीशिक्क्यानं आणि पगार हिंदुस्थानच्या तिजोरीतून. रत्नागिरीच्या कुळानं भरलेल्या शेतसाऱ्यातला एखादा आणा बिशपसाहेबांच्या बंगल्यापर्यंत पोचत होता, असं म्हटलं तर ती अतिशयोक्ती होणार नाही. या डायोसिसचा पसारा मुंबई इलाख्याएवढा, काही काळ तर सिंधसुद्धा त्यात होता. कार यांचा संगमरवरी पुतळा कॅथीड्रलमध्ये आहे, शांत पहुडलेला.

आत गेल्यावर मात्र बिशपांपेक्षा जास्त भेटतात ते शिपाईगडी आणि अंमलदार. दोन्ही भिंती संगमरवरानं भरल्या आहेत. गव्हर्नर जोनाथन डंकन १८११मध्ये मुंबईतच वारला. त्याच्या स्मारकावर लहान मुलं कोरली आहेत, कारण काशी आणि काठेवाडकडच्या बालिकाहत्या थांबवण्याचं श्रेय त्याला दिलं जातं. आणखी एक नाव मला दर वेळी थांबवतं: फ्रेडरिक मेटलंड. वॉटर्लूनंतर नेपोलियन ज्याच्या जहाजावर शरण आला, तो हा कप्तान. पुढे अ‍ॅडमिरल होऊन १८३९मध्ये मुंबईजवळ जहाजावर वारला. युरोपच्या इतिहासाचं एवढं मोठं पान उलटताना तिथे असलेला माणूस फोर्टातल्या एका भिंतीवर विसावलाय, आणि बाहेर टॅक्सीवाले भाड्यावरून हुज्जत घालतायत.

वेदीकडचा भाग उरलेल्या चर्चपेक्षा वेगळा दिसतो, जास्त टोकदार आणि जास्त दिमाखदार. त्याचं कारण धर्मात नाही, बाजारात आहे. १८६०च्या दशकात अमेरिकेतल्या यादवीमुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सगळं चर्चच नव्यानं बांधायचा बेत ठरला. १८६५मध्ये यादवी संपली, शेअरबाजार कोसळला, आणि वेदीच्या भागापाशी काम आटोपतं घ्यावं लागलं. चर्चसमोरचं कारंजं सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांच्या देणगीतलं. पारशी दात्यानं ख्रिस्ती देवळापुढे कारंजं उभारावं, यात तेव्हा कुणाला काही नवल वाटलं नव्हतं. २००४मध्ये या वास्तूच्या दुरुस्तीला युनेस्कोचा आशिया-प्रशांत विभागाचा वारसा-पुरस्कार मिळाला.

आता पुन्हा खुर्चीकडे. १८३७ ते १९७० या काळात मुंबईला दहा बिशप झाले आणि दहाही ब्रिटिश. कार यांच्यानंतरचे हार्डिंग साध्या, प्रवचनप्रधान उपासनेच्या पक्षाचे. त्यांच्यामागून आलेले डग्लस विधी, वस्त्रं, संन्यस्त संघ यांना मान देणारे. डग्लस यांच्या काळात ऑक्सफर्डजवळच्या काउलीचे संन्यासी पाद्री मुंबईला आले, पुढे पुण्यात स्थिरावले. इंग्लंडातल्या वाँटेजच्या जोगिणींनीही पुणं गाठलं. १८८५मध्ये तिथे पंचहौदाचं होली नेम चर्च उभं राहिलं. तेव्हा खुर्चीवर लुई मिल्न होते. १८७६ ते १८९७, एकवीस वर्षं.

मराठी वाचकाला हे मिल्नसाहेब दोन प्रकरणांतून ओळखीचे व्हायला हवेत. एक, पंचहौदचा चहा. १८९०मध्ये गोपाळराव जोशांनी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंच्या यजमानांनी, तिथे टिळक-रानड्यांसारख्या मंडळींना चहा पाजला आणि मग नावं वर्तमानपत्रात छापून टाकली. पुढचं ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचं प्रकरण, सर्वश्रुत आहे. चहा कुणी प्यायला नि कुणी नुसता ओठाला लावला, यावर पुणं पुढे कित्येक महिने भांडत राहिलं. त्यात बिशपांचा वाटा काहीच नाही. जागा तेवढी त्यांच्या डायोसिसमधली.

दुसऱ्या प्रकरणात मात्र वाटा आहे. पंडिता रमाबाईंनी १८८३मध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतला आणि नंतर त्या चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात होत्या. तिथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं, असं पुढे आलं. प्राचार्या डोरोथिया बील तयार होत्या. पण लाहोरच्या आणि मुंबईच्या बिशपांनी हरकत घेतली: हिंदुस्थानात हे शोभणार नाही, बाईंचं वजन कमी होईल. ज्या बाईनं आईच्या तोंडून संस्कृत शिकून कलकत्त्याच्या पंडितांकडून पदवी मिळवली, भरसभेत पुरुषांपुढे व्याख्यानं दिली, तिला हिंदुस्थानात काय शोभतं हे बिशपांनी शिकवावं! रमाबाईंनी पत्रांतून सडेतोड उत्तर दिलं. एका भटशाहीतून मोठ्या कष्टानं सुटले, ती दुसरीच्या जोखडाखाली मान द्यायला नव्हे, असा त्याचा मथितार्थ. त्या ख्रिस्ती राहिल्या, पण कुठल्याही बिशपच्या हुकमात राहिल्या नाहीत. केडगावचं मुक्तिसदन त्यांनी स्वतःच्या हिमतीवर उभं केलं. मिल्न विद्वान होते, मेहनती होते, हिंदूंमधल्या मिशनकार्यावर त्यांनी पुस्तकही लिहिलं. तरी माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतला सगळ्यात मोठा माणूस त्यांना ओळखता आला नाही.

१९०८मध्ये एडविन पामर आले आणि हवा बदलली. ऑक्सफर्डच्या बेलियल कॉलेजातला हा प्राध्यापकी वळणाचा बिशप वेगवेगळ्या पंथांचे ख्रिस्ती एक व्हावेत म्हणून एकवीस वर्षं खपला. त्यांच्याच कारकिर्दीत नगरला जॅक विन्स्लो या पाद्र्यानं १९२२मध्ये ख्रिस्त सेवा संघ काढला. खादी, शाकाहार, जमिनीवर बैठक, भजनं. ख्रिस्ती कवी रेव्हरंड टिळकांच्या अभंगांवर लुब्ध झालेला हा माणूस. त्यांच्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं ते यानंच. संघ पुढे पुण्याला गेला. पुढे आदिवासींमध्ये काम केलेले व्हेरिअर एल्विन आणि शामराव हिवाळे यांची गाठ पडली ती याच वर्तुळात. आणि या आश्रमी परंपरेतले आचार्य, विल्यम लॅश, १९४७मध्ये मुंबईचे बिशप झाले. ज्या खुर्चीवर कंपनीचे चॅप्लेन बढती मिळून बसले होते, तिथे स्वातंत्र्याच्या वर्षी एक आश्रमवासी येऊन बसला. इंग्रजच, पण वेगळ्या मुशीतला. या वास्तूच्या इतिहासातला मला सगळ्यात आवडणारा योगायोग हाच.

दरम्यान खुर्चीचे पायही बदलले होते. १९२७च्या कायद्यानं इथलं चर्च इंग्लंडच्या सरकारी चर्चपासून वेगळं केलं आणि १९३०पासून इथल्या मंडळींना आपले बिशप आपण निवडता येऊ लागले. १९२९मध्ये नाशिकचा डायोसिस वेगळा झाला. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला, ऑल सेंट्स कॅथीड्रलच्या आवारात, अँग्लिकनांसह सहा चर्चसंघटना एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. पामर यांनी पाहिलेल्या स्वप्नाचा उत्तरेकडचा अर्धा भाग असा विदर्भात उतरला. आज मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर, मराठवाडा, नागपूर असे त्याचे डायोसिस महाराष्ट्रात आहेत आणि सेंट थॉमस हे मुंबई डायोसिसचं कॅथीड्रल आहे.

बिशप आता लंडनहून येत नाही. डायोसिसमधून नावं जातात, निवड सिनॉडच्या, म्हणजे चर्चच्या सर्वोच्च सभेच्या, पातळीवर होते. कॅथीड्रलचा रोजचा कारभार पाहतात ते तिथले पाळक, मंडळीतून निवडलेली पास्टोरेट कमिटी त्यांच्या जोडीला. बत्त्या, गळती, बाप्तिस्मे, लग्नं, मयत, नाताळचा गायनवृंद हे सगळं त्यांच्याकडे. या पद्धतीत निवडणुका आल्या, त्यामुळे गटतट, रुसवेफुगवे, कधी कोर्टाच्या पायऱ्याही आल्याच. गणेशोत्सव मंडळ किंवा सहकारी पतपेढी चालवलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही.

आत दोन खुर्च्या मुद्दाम जपून ठेवल्या आहेत. १९११मध्ये पंचम जॉर्ज आणि राणी मेरी मुंबईत आले तेव्हा इथल्या उपासनेला त्या दोघांसाठी मांडलेल्या. बिशपचं आसन वेगळं, वेदीच्या बाजूला. पण रविवारी सकाळी तुम्ही गेलात, तर तेही बहुतेक रिकामंच दिसेल. दृढीकरणाचा विधी सहसा बिशपच्या हातून होतो, आणि त्यासाठी त्यांना एकेका मंडळीला जाऊन यावं लागतं. तेव्हा उपासना चालवत असतात पाळकसाहेब, आणि मागच्या बाकांवर दोन-चार पर्यटक मान वर करून मेटलंडचं नाव शोधत असतात.