महाराष्ट्रातील सेंद्रिय शेती प्रशिक्षण

महाराष्ट्रातील सेंद्रिय शेती प्रशिक्षण म्हणजे रासायनिक खते व कीटकनाशके न वापरता शेती करण्याचे ज्ञान आणि कौशल्य शेतकऱ्यांना देणारे शासकीय, विद्यापीठीय व स्वयंसेवी कार्यक्रम होत. शासकीय योजनांतील प्रशिक्षण सामान्यतः विनाशुल्क असते. खाजगी शिबिरे आणि प्रमाणपत्र अभ्यासक्रम यांना मात्र शुल्क आकारले जाते. शुल्क नसले तरी प्रवास, बुडणारी मजुरी आणि प्रशिक्षणानंतरचा संक्रमणकाळ यांचा भार शेतकऱ्यावरच पडतो. त्यामुळे प्रशिक्षणाची किंमत आणि त्याची सुलभता या दोन बाबींचा स्वतंत्रपणे विचार करावा लागतो.

पार्श्वभूमी

राज्यात सेंद्रिय पद्धतींचे शिक्षण प्रथम शेतकऱ्यांच्या परस्पर देवाणघेवाणीतून रुजले. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवार' या नावाने स्वतःच्या शेतात प्रयोग करणाऱ्यांचे जाळे उभे केले. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी विकसित केलेली 'नाडेप' कंपोस्ट पद्धत (१० × ६ × ३ फूट आकाराचे हवेशीर विटांचे टाके) आजही बहुतेक प्रशिक्षणांत शिकविली जाते. अमरावती जिल्ह्यातील बेलोरा येथील सुभाष पाळेकर यांनी शिबिरांद्वारे 'झिरो बजेट नैसर्गिक शेती'चा प्रसार केला. त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री पुरस्कार मिळाला.

शासकीय पातळीवर केंद्राने २०१५-१६ मध्ये परंपरागत कृषी विकास योजना सुरू केली. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये विदर्भातील अकोला, अमरावती, बुलढाणा, वाशिम, यवतमाळ व वर्धा या शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख जैविक शेती मिशन स्थापन केले. पुढे त्याची व्याप्ती राज्यभर वाढविण्यात आली.

प्रशिक्षणाचे प्रकार

राज्यात प्रशिक्षण मुख्यतः पुढील मार्गांनी मिळते :

कृषी विज्ञान केंद्रे व कृषी विद्यापीठे – राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील चार कृषी विद्यापीठे व जिल्ह्यांतील कृषी विज्ञान केंद्रे अल्प मुदतीची प्रशिक्षणे घेतात.
आत्मा – कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणेमार्फत गटांची प्रशिक्षणे, अभ्यास दौरे व शेतीशाळा आयोजित होतात.
शेतीशाळा – १९८९ मध्ये इंडोनेशियात भातावरील तुडतुड्यांच्या नियंत्रणासाठी सुरू झालेली ही पद्धत आहे. शेतकरी हंगामभर ठरावीक दिवशी एकाच शेतात जमून निरीक्षण करतात आणि त्यावरून निर्णय घेतात.
मुक्त शिक्षण – इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा सेंद्रिय शेतीतील सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम बारावी उत्तीर्णांसाठी आहे. त्याचे माध्यम इंग्रजी व हिंदी आहे.
खाजगी व स्वयंसेवी शिबिरे – यांत बहुधा निवास व भोजनासह शुल्क असते.

अभ्यासक्रमात गांडूळ खत, जीवामृत, दशपर्णी अर्क, निंबोळी अर्क, बीजप्रक्रिया, मिश्र व आंतरपिके, मित्रकिडींची ओळख आणि शेताच्या नोंदी ठेवणे या विषयांचा समावेश असतो.

खर्च

प्रत्यक्ष खर्च

परंपरागत कृषी विकास योजनेच्या सुधारित निकषांनुसार तीन वर्षांसाठी प्रतिहेक्टर ३१,५०० रुपये साहाय्य दिले जाते. त्यांपैकी १५,००० रुपये निविष्ठांसाठी थेट शेतकऱ्याच्या खात्यावर जमा होतात. प्रशिक्षण, क्षमताबांधणी व मार्गदर्शन यांसाठी ९,०००, विपणन व मूल्यवर्धनासाठी ४,५०० आणि प्रमाणीकरण व अंश तपासणीसाठी ३,००० रुपयांची तरतूद आहे. या दराने २० हेक्टरच्या गटासाठी प्रशिक्षण व मार्गदर्शनाचे वर्षाला सरासरी ६०,००० रुपये होतात. एक एकर जमीन असलेल्या शेतकऱ्याच्या वाट्याला वर्षाकाठी सुमारे १,२०० रुपये येतात. तरतूद क्षेत्रावर आधारलेली असल्याने लहान जमीनधारकांची संख्या जास्त असलेल्या गटात प्रत्येक व्यक्तीमागील रक्कम कमी होते, पण शिकविण्याचे श्रम मात्र तेवढेच राहतात.

अप्रत्यक्ष खर्च

२०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार राज्यातील सरासरी वहिती क्षेत्र १.३४ हेक्टर आहे. अनेक अल्पभूधारक स्वतःच्या शेतीबरोबर मजुरीही करतात. त्यांच्यासाठी तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी झालेले दोन दिवसांचे विनाशुल्क प्रशिक्षण म्हणजे दोन दिवसांची बुडालेली मजुरी, एसटीचे भाडे आणि जनावरांच्या देखभालीची पर्यायी व्यवस्था असते.

प्रशिक्षणात शिकलेले अमलात आणण्यासही साधने लागतात. एका एकराच्या जीवामृतासाठी सुमारे १० किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि २०० लिटर पाणी लागते. एक देशी गाय ३० एकरांस पुरेशी असल्याचे पाळेकर यांचे प्रतिपादन आहे. ज्याच्याकडे जनावर नाही, त्याला मात्र शेण व गोमूत्र बाहेरून मिळवावे लागते. रासायनिक शेतीतून सेंद्रिय शेतीकडे वळताना सुरुवातीच्या वर्षांत उत्पादन घटू शकते. याच काळात प्रमाणपत्र पूर्ण न झाल्याने मालाला सेंद्रिय म्हणून वाढीव भावही मिळत नाही.

सुलभता

जमिनीची मालकी

गटात नाव नोंदविताना सातबारा उतारा मागितला जातो. बटईने किंवा खंडाने जमीन कसणाऱ्यांच्या नावे तो नसतो. त्यांना प्रशिक्षणाला बसता आले, तरी निविष्ठांचे साहाय्य व प्रमाणपत्र मिळणे कठीण जाते.

महिला

पेरणी, निंदणी, वेचणी यांसारखी बरीच कामे महिला करतात. तथापि २०१५-१६ च्या गणनेनुसार देशातील वहितीदारांत महिलांचे प्रमाण सुमारे १४ टक्के होते. निमंत्रण सातबाऱ्यावरील नावाने गेल्यास प्रशिक्षण एकास मिळते आणि काम दुसरीच करते. मुक्कामी शिबिरे, स्वयंपाक व मुलांची जबाबदारी यांमुळेही महिलांचा सहभाग मर्यादित राहतो.

हंगाम व स्थलांतर

कीड ओळखण्यासारखी कौशल्ये पीक उभे असतानाच शिकता येतात, परंतु त्याच काळात शेतातील काम सर्वाधिक असते. बीडसारख्या जिल्ह्यांतील ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात व उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यामुळे रब्बी हंगामातील प्रशिक्षण त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही.

प्रमाणीकरणाशी संबंध

निर्यातीसाठी २००१ पासून अमलात असलेल्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमानुसार त्रयस्थ संस्थेचे प्रमाणपत्र लागते. त्याचे शुल्क एकट्या लहान शेतकऱ्याला जड जाते. 'पीजीएस-इंडिया' या सहभागी हमी पद्धतीत किमान पाच शेतकऱ्यांचा स्थानिक गट एकमेकांच्या शेतांची पाहणी करतो. यात बैठकांना उपस्थिती आणि नोंदवही या गोष्टी अनिवार्य असल्याने प्रशिक्षण हा प्रमाणीकरणाचाच भाग ठरतो. अक्षरओळख कमी असलेल्या शेतकऱ्यांना नोंदींसाठी घरातील किंवा गटातील इतरांवर अवलंबून राहावे लागते.

शेतकऱ्याकडून शेतकऱ्याकडे

खर्च कमी करून पोहोच वाढविण्यासाठी प्रशिक्षक गावातूनच घडविण्याची पद्धत वापरली जाते. आंध्र प्रदेशात महिला बचत गट आणि अनुभवी शेतकरी यांच्याद्वारे नैसर्गिक शेतीचा प्रसार करण्यात आला. मराठवाड्यात 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेने महिलांना कुटुंबाच्या जमिनीपैकी सुमारे एक एकरावर स्वतःच्या निर्णयाने अन्नपिके घेण्यास प्रशिक्षित केले. या कार्याला २०१६ मध्ये इक्वेटर पुरस्कार मिळाला.

केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानात १५,००० गट, ३०,००० कृषी सखी व समुदाय संसाधन व्यक्ती आणि १०,००० जैव-निविष्ठा केंद्रे यांची तरतूद आहे. गटामागे सरासरी दोन प्रशिक्षित व्यक्ती गावपातळीवर उपलब्ध होणे आणि जनावरे नसलेल्यांना तयार निविष्ठा मिळणे, हा या रचनेचा उद्देश आहे. कृषी सखींना मिळणारे मानधन आणि योजनेची मुदत संपल्यावर त्यांचे काम चालू राहणे यांवर या पद्धतीचे यश अवलंबून आहे.

हेही पहा

सेंद्रिय शेती
नैसर्गिक शेती
कृषी विज्ञान केंद्र
गांडूळ खत