सोयाबीन घरात आलं, पण विकायची घाई कशाला?

देऊळघाट परिसरातल्या शेतकरी बंधू-भगिनींनो, घरचा पैसा आटोक्यात आणायचा तर सुरुवात काढणीपासून करा, असं माझं ठाम मत आहे. कृषी केंद्राची उधारी, मजुरी आणि दिवाळी एकदम अंगावर येतात. मग भाव पडलेला असतानाच पोती बाजारात जातात.

यावर उपाय आहे, शेतमाल तारण कर्ज. पणन मंडळाची ही योजना १९९०-९१ पासून सुरू आहे. योजनेत सहभागी बाजार समितीच्या गोदामात सोयाबीन, तूर, हरभरा ठेवला की किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळते. मुदत १८० दिवस, व्याज ६ टक्के. समजा १० क्विंटलची किंमत ४०,००० रुपये धरली, तर हातात ३०,००० येतात आणि सहा महिन्यांचं व्याज होतं फक्त ९००. क्विंटलमागे ९० रुपयांहून जास्त भाव वाढला की फायदा तुमचाच! माल मात्र स्वतःच्या शेतातला हवा, व्यापाऱ्यांसाठी ही सोय नाही.

आपल्याच जिल्ह्यातली, राधेश्याम चांडक यांनी १९८६ साली सुरू केलेली बुलढाणा अर्बन पतसंस्थाही धान्य तारणावर कर्ज देते. तिथले दर वेगळे, आधी विचारून घ्या.

दुसरं म्हणजे पीक कर्ज. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत ३ लाखांपर्यंतचं पीक कर्ज ३० जूनपर्यंत फेडलं तर व्याज शून्य पडतं.

काढणीआधीच बाजार समितीत चौकशी करा, सातबारा सोबत न्या.