परसांतील वांगीं आणि शेंडे पोखरणारी अळी

वांग्याचें झाड आपल्या इतकें परिचयाचें आहे कीं, त्याविषयीं लिहिणें वाचकांस अनावश्यक वाटण्याचा संभव आहे. तथापि परसांतील दहा-बारा झाडें घरास भाजी पुरविण्याऐवजीं दोन तोड्यांनंतर किडकीं फळें देऊं लागतात, ही तक्रार घरोघर ऐकूं येते. सबब हा लेख.

जूनमध्यें गादीवाफ्यावर बीं पेरावें. पांच-सहा आठवड्यांनीं रोपें वीतभर उंच झालीं म्हणजे कुजलेलें शेणखत घातलेल्या जागीं, अडीच फुटांच्या अंतरानें, सायंकाळीं लावावींत. त्या जागीं आदल्या वर्षीं मिरची, टोमॅटो किंवा बटाटा नसावा. हीं सर्व एकाच कुळांतील असल्यामुळें मुळांचे रोग एकाचे दुसऱ्यास लागतात.

येथवर सर्व सोपें आहे. खरा शत्रु म्हणजे शेंडे व फळें पोखरणारी अळी. तिचा पतंग बहुधा पानांच्या खालच्या बाजूस अंडीं घालतो. अळी प्रथम कोंवळ्या शेंड्यांत शिरते व शेंडा मान टाकतो. फळें धरूं लागलीं म्हणजे ती फळांत शिरते. आंत शिरलेल्या अळीपर्यंत फवाऱ्याचें औषध क्वचितच पोंचतें, घरच्या भाजीवर विष मात्र बसतें. या किडीचा उपद्रव एवढा कीं, तिच्यासाठीं बीटी वांगें निर्माण करण्यांत आलें. भारत सरकारनें २०१० सालीं त्यास स्थगिती दिली. बांगलादेशानें २०१३ सालीं परवानगी दिली.

परसांत मात्र हातानेंच पुष्कळ काम होतें. रोज सकाळीं झाडें पाहावींत. मलूल शेंडा दिसतांच सुकलेल्या भागाच्या बोटभर खालून कापून जाळावा. पोखरलेलीं वांगीं उकिरड्यावर टाकूं नयेत. तींहि नष्ट करावींत.

येथें स्वतःची चूक सांगणें प्राप्त आहे. एका वर्षीं उन्हाळी वांग्यांच्या उपटलेल्या काड्या बंबाच्या जळणासाठीं मीं नव्या वाफ्याशेजारींच रचिल्या. अळीचे कोष पाल्यापाचोळ्यांत व अशा काड्यांत राहतात, हें ध्यानांत आलें नाहीं. त्या पावसाळ्यांत पहिल्या तोड्याच्या टोपलीभर वांग्यांतून शिजविण्याजोगीं चारच निघालीं. तेव्हांपासून काड्या उपटल्याबरोबर जाळून टाकतों.

शेतांतील हजारों झाडांस ही निगा मजुरीच्या दृष्टीनें जड जाते. परसांतील बारा झाडांस रोजचीं दहा मिनिटें पुरतात. शेजाऱ्यांनींहि हा नियम पाळल्यास उभयतांचा लाभ आहे, कारण पतंगास कुंपणाचा अडथळा नसतो.