नवऱ्याचं चित्र, डाव्या बाजूनं

नवऱ्याचं तैलचित्र काढते आहे असं सांगितलं की लोक दोन प्रश्न विचारतात. पहिला, "किती दिवस लागले?" आणि दुसरा, "तो एवढा वेळ गप्प बसला?" पहिल्याचं उत्तर, अकरा रविवार, दर वेळी दीड-दोन तास. दुसऱ्याचं उत्तर असं की गप्प बसवावं लागत नाही. गप्पा मारल्या तरी चालतात, फक्त ओठ रंगवायच्या दिवशी नाही.

तिसरा प्रश्न लोक मला विचारत नाहीत, सासूबाईंना विचारतात. "ते डागसुद्धा काढलेत का तिनं?"

माझ्या नवऱ्याला कोड आहे. एक डाग ओठाच्या डाव्या कोपऱ्यापासून हनुवटीपर्यंत आणि दुसरा डाव्या डोळ्याभोवती. त्यामुळे त्या डोळ्याच्या पापणीचे केससुद्धा पांढरे. कॉलेजात असताना सुरू झालं, पाच-सहा वर्षं पसरलं आणि मग थांबलं. लग्न ठरलं तेव्हा ते होतंच. मी बघून, बोलून होकार दिला होता, त्यामुळे आपण काही मोठं केलं असं मला कधी वाटलं नाही. पण आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये कोड नाही. फोटोग्राफरनं आम्हाला न विचारता सगळ्या फोटोंतून ते पुसून दिलं, वर "साफ करून दिलंय" असंही सांगितलं. सासूबाई खूश झाल्या. नवरा काहीच बोलला नाही. अल्बम उघडला की माझ्या शेजारी मुंडावळ्या बांधून गुळगुळीत गालाचा कुणी भलताच गृहस्थ उभा असतो.

आपल्या बडोद्यात हा विषय शब्दापासूनच अडतो. मराठीत कोड म्हणजे हे पांढरे डाग. गुजरातीत 'कोढ' म्हणजेही तेच. पण हिंदीत 'कोढ' म्हणजे कुष्ठरोग, म्हणजे सर्वस्वी वेगळा आजार. ज्या शहरात एका जिन्यात तीन भाषा बोलल्या जातात, तिथं एका अक्षराच्या फरकानं माणूस कुठल्या कुठे जाऊन पडतो. त्यात जुन्या लोकांच्या तोंडी 'श्वेतकुष्ठ' हा शब्द आहे, तो गोंधळ आणखी वाढवतो. कोडाचा कुष्ठरोगाशी काही संबंध नाही. कोड जंतूंनी होत नाही, शिवल्यानं, एका ताटात जेवल्यानं लागत नाही. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी काही ठिकाणी नाहीशा होतात, बहुतेक वेळा शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच त्यांच्यावर उलटते म्हणून. जगात शंभर माणसांमागे साधारण एकाला हे असतं. घराण्यात असेल तर शक्यता थोडी वाढते, पण कोड असलेल्यांच्या बहुतेक मुलांना ते होत नाही. (माझ्या पेशात कोड म्हणजे आणखी तिसरंच. आणि लाडकोडातलं कोड चौथं. भाषेला काय, तिला सगळंच चालतं.)

तर अल्बमचा राग दहा वर्षं मनात होता. चित्रकला मात्र त्याआधीपासूनची. शाळेत चित्रकलेच्या परीक्षा दिल्या, बी. ई. करताना ते सुटलं, आणि लॉकडाऊननंतर घरून काम सुरू झालं तेव्हा दांडिया बाजारातल्या एका निवृत्त ड्रॉइंग सरांकडे शनिवारी जायला लागले. आधी दोन वर्षं फक्त वांगी, तांब्या, चादरीच्या घड्या. माणूस रंगवायची परवानगी सरांनी तिसऱ्या वर्षी दिली.

बडोद्यात राहून तैलरंग शिकायचे म्हणजे मोठ्या लोकांच्या सावलीत बसणं. सयाजीराव महाराजांनी रविवर्म्यांना इथं बोलावून घेतलं, त्यांची चित्रं आजही लक्ष्मीविलासच्या आवारातल्या फत्तेसिंह म्युझियममध्ये दिसतात. कमाटी बागेतल्या पिक्चर गॅलरीत युरोपातली जुनी तैलचित्रं आहेत. फाइन आर्ट्स फॅकल्टी १९५० साली सुरू झाली आणि तिथला चित्रकला विभाग उभा केला तो इंदूरच्या बेंद्र्यांनी. रविवर्म्यांची चित्रं मी कितीदा तरी पाहिली आहेत. जर, मोती, रेशीम, सगळं हात लावावं असं. पण त्यांच्या नायिकांच्या चेहऱ्यावर साधा तीळसुद्धा शोधावा लागतो. ते त्या काळाला धरूनच होतं, पण माझ्या कामाचं नव्हतं.

माझ्या कामाचं चित्र मला पुस्तकात सापडलं. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात गिर्लांदायो या इटालियन चित्रकाराचं १४९०च्या सुमाराचं एक चित्र आहे, म्हातारा आणि त्याचा नातू. तैलरंग नव्हे, लाकडी फळीवर टेम्पेरा. म्हाताऱ्याचं नाक एका त्वचारोगानं गाठीगाठींचं, बेढब झालेलं आहे आणि चित्रकारानं त्यातली एकही गाठ लपवलेली नाही. नातू आजोबांच्या अंगाला बिलगून वर बघतो आहे, आणि तो नाकाकडे बघत नाहीये. पाचशे वर्षांपूर्वी कुणी तरी हे असं काढून ठेवलं, एवढंच मला पुरेसं होतं.

नवरा-बायकोच्या चित्रांचा इतिहास मात्र जवळजवळ एकतर्फी आहे. नवरा काढतो, बायको बसते. रेम्ब्रांटनं सास्कियाचं रेखाचित्र १६३३ साली साखरपुड्यानंतर तिसऱ्या दिवशी काढलं आणि १६४२ मध्ये ती जाईपर्यंत तिला काढतच राहिला. सेझाननं आपल्या बायकोची, ऑर्तांसची, एकोणतीस तैलचित्रं केली, आणि त्यांत ती हसताना जवळपास दिसतच नाही. मला त्याचं आश्चर्य वाटत नाही. व्होलार नावाच्या चित्रविक्रेत्याला त्यानं शंभरावर वेळा समोर बसवलं होतं, आणि तो हलला की सफरचंद कधी हलतं का म्हणून ओरडायचा. ऑर्तांस तर घरातलीच. हे नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "मी अकरा रविवार बसलो, माझंही नाव कुठं तरी लिहून ठेव."

आता बाजूचा प्रश्न. आमच्या घरात उत्तरेचा उजेड एकाच खोलीत येतो. सूर्य फिरला तरी उत्तरेचा उजेड फारसा बदलत नाही, म्हणून चित्रकार तो धरून बसतात. त्या खिडकीच्या हिशेबानं इझेल मांडलं तर समोरच्याचा डावा गाल माझ्याकडे येतो. आणि नवऱ्याला फोटोत कायम उजवा गाल पुढे करायची सवय. ती इतकी जुनी की त्याला स्वतःलाही कळत नाही. गटाच्या फोटोत तो नेहमी डाव्या टोकाला उभा असतो, म्हणजे मान वळवायला कारण मिळतं. मी त्याला सांगितलं, खुर्ची फिरवता येईल, दुपारनंतर दुसऱ्या खिडकीतून काम करता येईल, तू ठरव. त्यानं आठवडाभर विषयच काढला नाही. पुढच्या शनिवारी रात्री भांडी लावता लावता म्हणाला, "डाव्या बाजूनंच काढ. पण लावायचं कुठं ते मी सांगणार."

एवढ्यावर काम सुरू झालं.

तैलरंगाबद्दल थोडं सांगते, कारण पुढची गोष्ट त्यावर आहे. जलरंग पाणी उडून वाळतो. तेल उडत नाही, ते हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं. म्हणून खालचे थर टर्पेंटाइननं पातळ आणि वरचे जास्त तेलाचे, हा क्रम पाळायचा. उलटं केलं तर वरचा थर आधी वाळतो, खालचा नंतर हलतो आणि चित्राला भेगा जातात. मी पहिला थर अंबर या तपकिरी मातीच्या रंगात घातला. तो लवकर वाळतो, त्यातल्या मँगनीजमुळे. पांढरा मात्र आळशी, त्याला आठवडा सहज लागतो. आणि जवसाचं तेल कालांतरानं पिवळं पडतं, म्हणून पांढऱ्या, फिक्या रंगांसाठी करडईचं तेल वापरतात. हे ऐकून सासूबाईंनी स्वयंपाकघरातला डबा पुढे केला होता. चित्रकलेचं तेल वेगळं शुद्ध केलेलं असतं, फोडणीचं चालत नाही. आणखी एक, हे सगळ्यांनी लक्षात ठेवावं: जवसाच्या तेलाचे बोळे गोळा करून कचऱ्यात टाकू नका. वाळताना ते तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. मी ते पाण्यात बुडवून ठेवते.

नवऱ्याचा वर्ण गव्हाळाहून गडद. यलो ऑकर, बर्न्ट सिएना, थोडा अलिझारिन, सावलीत अल्ट्रामरीन. तीन रविवारांत कपाळ, नाक, उजवीकडचा भाग उभा राहिला. चौथ्या रविवारी डागांपाशी आले.

डाग पांढरा असतो असं आपण म्हणतो. दहा वर्षं मीही म्हणत होते. पण पॅलेटवर रंग मिसळायला बसलं की शब्द बाजूला ठेवावा लागतो. तिथं त्वचेचा रंग नसतो, म्हणून खालच्या रक्ताची गुलाबी झाक वर दिसते. हनुवटीकडे, दाढीच्या खुंटांपाशी, ती जरा राखी होते. डोळ्याखाली, जिथं त्वचा सगळ्यात पातळ, तिथं जांभळट. कडेला डाग एकदम संपत नाही, बेटाभोवती वाळू असते तसे मधल्या रंगाचे ठिपके असतात. नळीतला पांढरा तसाच्या तसा लावण्याजोगी जागा अख्ख्या डाव्या गालावर एकही नव्हती. तो फक्त पापणीच्या केसांना लागला, तीन नंबरच्या ब्रशनं.

आणि खरी गंमत उजेडाची. खिडकी त्याच्या उजव्या हाताला, म्हणजे डावा गाल सावलीत. डोळे बारीक करून बघितलं की बारीकसारीक तपशील जातात आणि फक्त उजेड-अंधार उरतो, हे सरांनी पहिल्याच महिन्यात शिकवलेलं. तसं बघितलं तर सावलीतला 'पांढरा' डाग हा उजेडातल्या सावळ्या कपाळापेक्षा गडद दिसत होता. मलाच पटेना. शेवटी इंजिनिअरच मी, फोनवर फोटो काढला, लॅपटॉपवर घेतला आणि कलर पिकरनं दोन ठिकाणचे रंग उचलले, एक कपाळाचा, एक डागाचा. पांढऱ्या पानावर दोन चौकोन शेजारी शेजारी ठेवले. नवऱ्याला खुर्चीतून उठवून विचारलं, "यातला डाग कुठला?"

त्यानं कपाळाच्या चौकोनावर बोट ठेवलं.

सांगितल्यावर तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. मग आरशापाशी गेला, खिडकीपाशी आला, पुन्हा आरशापाशी गेला. म्हणाला, "सोळा वर्षं मी रोज दाढी करतो." त्यापुढे काही बोलला नाही, येऊन बसला. त्या दिवशी मान वळलेली सरळ करायला मला एकदाही सांगावं लागलं नाही, हे मात्र मी टिपून ठेवलं. डाग गेला नव्हता, बाहेर उन्हात तो तसाच दिसणार होता, एप्रिलात लालही होणार होता. हे दोघांनाही माहीत होतं.

शेवटचे दोन रविवार शर्टाच्या कॉलरला आणि मागच्या भिंतीला गेले. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. कॉलर बरी जमली आहे.

सासूबाईंनी चित्र पूर्ण झाल्यावरच पाहिलं. आधी त्यांना दाखवायचं नाही असं नवऱ्यानं बजावलं होतं. चष्मा लावून त्या जवळ गेल्या, मग लांब. "ओठ अगदी ह्याच्या बाबांचे आहेत," म्हणाल्या. मग थोड्या वेळानं माझ्याकडे न बघता, "अगं, पण हॉलमध्ये नको. उद्या हिच्या लग्नाचं बघायची वेळ येईल, चार लोक येतील, विचारतील." 'ही' म्हणजे आमची मुलगी, वय वर्षं सात, त्या वेळी सोफ्यावर उलटी लटकून कार्टून बघत होती.

मला राग आला, पण मी बोलले नाही. त्यांनी काय काय ऐकलं असेल ते मी ऐकलेलं नाही. मुलाला डाग दिसले तेव्हा त्यांनी कितीतरी वैद्य केले, दूध-मासे सोडायला लावले, सोमवार धरले, लोकांनी पूर्वजन्माची पापं काढली ती निमूटपणे ऐकून घेतली. आज डॉक्टरांकडे मलमं आहेत, प्रकाश-उपचार आहेत, कुणाला गुण येतो, कुणाला नाही. त्या काळात त्यांच्या वाट्याला फक्त सल्ले आले. त्यांची भीती खोटी नाही, फक्त तिचा पत्ता चुकलेला आहे.

उत्तर नवऱ्यानं दिलं. "आई, येणारे लोक मला बघतीलच ना? की मी पण आत बसू?"

त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. हॉलमध्ये लावायचं असंही कुणी म्हणालं नाही.

चित्र सध्या हॉल आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या बोळात, खुंटीला टांगलेलं आहे. हा नवऱ्याचा निर्णय. तिथं सकाळचा उजेड येतो, आणि नवं तैलचित्र अंधारात ठेवलं तर तेल लवकर पिवळं पडतं, म्हणून मला ती जागा मान्य आहे. पाहुण्यांना पाणी आणायला जाताना ते दिसतं. वॉर्निश निदान सहा महिने लावायचं नाही, आणि पावसाळ्याच्या दमट हवेत तर नाहीच, म्हणजे दसऱ्यानंतर. तोवर त्याला कापड लावायची बंदी आहे. सासूबाई रोज सकाळी पदर हातात घेऊन धूळ पुसायला जातात आणि मी लॅपटॉपवरून ओरडते, "आई, रंग अजून ओला आहे!" हल्ली त्या पुसत नाहीत, नुसती फुंकर घालतात.