पी. टी. मास्तर व्हायचे तर...

"पोरगा दिवसभर मैदानावर असतो, धंद्यात त्याचे लक्ष नाही." मागावर, गॅरेजात किंवा गल्ल्यावर बसलेल्या बापाची ही तक्रार आमच्या कानी नेहमी येते. अशा मुलासमोर एक रीतसर पेशा उभा आहे, तो म्हणजे शाळेतील शारीरिक शिक्षण शिक्षक, आपल्या बोलीत पी. टी. मास्तर. परंतु त्यासाठी कोणता दाखला लागतो आणि तो कोठे मिळतो, याची माहिती आपल्या मोहल्ल्यांत फारच कमी आहे.

हा पेशा आपल्या समाजाला परका नाही. १९५१ साली दिल्लीत व १९६२ साली जकार्ता येथे आशियाई स्पर्धेत भारताच्या फुटबॉल संघाने सुवर्णपदक जिंकले. दोन्ही वेळा संघाचे प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. रहीमसाहेब मुळात शाळामास्तर. नोकरीत असतानाच त्यांनी शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली आणि शाळेतील खेळांचा कारभार हाती घेतला. पुढचे सारे नंतर.

तालमीतल्या उस्तादाला कोणी दाखला विचारत नाही, शाळेत मात्र तो पहिल्यांदा विचारतात. शिक्षक तयार करणाऱ्या अभ्यासक्रमांना मान्यता देण्याचे काम १९९३ च्या कायद्याने राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेकडे, म्हणजे एन.सी.टी.ई.कडे आहे. तिची मान्यता नसलेल्या संस्थेचा कागद कितीही गुळगुळीत असला तरी शाळेच्या नोकरीला उपयोगाचा नाही. संस्थेच्या फलकावर काय रंगवले आहे ते पाहू नये. परिषदेच्या यादीत तिचे नाव व तो विशिष्ट अभ्यासक्रम आहे का, ते पाहावे आणि मगच फी भरावी.

परिषदेच्या २०१४ च्या नियमांप्रमाणे बारावीनंतर दोन वर्षांची डी.पी.एड. ही पदविका आहे, ती पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी. कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर दोन वर्षांचे बी.पी.एड. आहे, ते हायस्कूलसाठी. पूर्वी बी.पी.एड. एका वर्षात होत असे, म्हणून जुने मास्तर अजूनही 'एक वर्षाचा कोर्स' म्हणतात. तो हिशेब आता धरू नये. कनिष्ठ महाविद्यालयात किंवा कॉलेजात जायचे तर त्यापुढे एम.पी.एड.

बी.पी.एड.ला साधारणपणे पदवीस ५० टक्के गुण आणि मान्यताप्राप्त शालेय, जिल्हा किंवा आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत भाग घेतल्याचे प्रमाणपत्र लागते. राज्य किंवा राष्ट्रीय पातळीवर खेळलेल्यांना, तसेच पदवीला शारीरिक शिक्षण हा विषय घेतलेल्यांना ४५ टक्के पुरतात. महाराष्ट्रात राज्य सी.ई.टी. कक्षाची प्रवेश परीक्षा असते. लेखी परीक्षेबरोबर मैदानी चाचणीही होते. त्या वर्षीची माहितीपुस्तिका नीट वाचावी, कारण तारखा चुकल्या की वर्ष गेले. आत गेल्यावर केवळ कवायत व खेळ आहेत असे समजू नये. शरीररचना, शरीरक्रिया, क्रीडामानसशास्त्र, योग, स्पर्धांचे आयोजन, मोजमाप असे सारे विषय आहेत आणि शाळेत जाऊन प्रत्यक्ष पाठही घ्यावे लागतात. पोरगा अभ्यासाला कंटाळतो म्हणून इकडे पाठवणाऱ्यांची येथे फसगत होते.

संस्थांची आपल्याकडे कमतरता नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचे आहे, तर पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ १९२४ पासूनचे. ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई संस्था १९५७ सालची.

पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका ही प्रशिक्षकाची, शिक्षकाची नव्हे. क्लब, अकादमी, क्रीडा खाते येथे तिला मोठा मान आहे, पण शाळेच्या शिक्षकपदासाठी ती बी.पी.एड.ची जागा घेत नाही. जिमच्या ट्रेनरचे तीन महिन्यांचे प्रमाणपत्र तर त्याहून वेगळे. आमच्याकडे विचारणा करणारे निम्मे लोक या तिन्हींत गल्लत करतात.

आता नोकरीचे, आणि येथे आम्ही थोडे कडक बोलणार आहोत. आमच्या ओळखीच्या एका कारागिराने घरातले दागिने मोडून मुलाला एका शाळेत 'लावले'. नेमणुकीचे पत्र मिळाले, पोराने अनेक वर्षे मैदानावर शिट्टी वाजवली, पगार मात्र आला नाही. कारण सरळ होते. अनुदानित शाळेत संस्थेच्या पत्राने काम भागत नाही. ते पद संचमान्यतेत मंजूर हवे, नेमणुकीला शिक्षण खात्याची वैयक्तिक मान्यता हवी आणि शालार्थ प्रणालीत नाव चढले पाहिजे, तेव्हाच सरकारी पगार सुरू होतो. पैसे मागणाऱ्याला एवढेच विचारावे : पद मंजूर आहे काय, कागद दाखवा. तो कागद दाखवीत नसेल तर उठून यावे. व्यापारी माणूस माल न पाहता बयाणा देत नाही, मग मुलाच्या नोकरीतच का देतो?

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरांहून अधिक मुले असतील तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक सांगितला आहे. अंशकालीन म्हणजे पूर्ण पगार नव्हे, हे लक्षात ठेवूनच पाऊल टाकावे. दुकानाचा सकाळचा वा संध्याकाळचा गल्ला सांभाळून असे काम करणारे मात्र सुखी दिसतात.

मुलींविषयी एक शब्द. आपल्या समाजाच्या मुलींच्या शाळांत खेळाचा तास बहुधा कोरा जातो. शिकवणारी बाई असेल तर आईबाप मुलींना मैदानावर पाठवतात, हे आम्ही पाहिले आहे. खेळाडू मुलींनी बी.पी.एड.चा विचार जरूर करावा.

शेवटी कागदपत्रे. मुलगा आठवी-नववीत असल्यापासून प्रत्येक स्पर्धेचे प्रमाणपत्र फाइलला लावून ठेवावे, दहा वर्षांनी ते शोधून सापडत नाही. मोमीन, बागवान, अत्तार, पिंजारी अशा बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत. त्यांनी जातीचा दाखला, पडताळणी व नॉन-क्रिमीलेअर वेळेत काढावे. आणि नाव! शाळेच्या दाखल्यावर 'शेख रफिक', क्रीडा प्रमाणपत्रावर 'रफिक शेख' आणि आधार कार्डावर नुसते 'मोहम्मद रफिक', अशा तऱ्हेने तीन माणसे तयार होतात आणि पडताळणीच्या टेबलावर तिघांनाही परत पाठवतात. दहावीचा फॉर्म भरतानाच नाव एकसारखे करून घ्यावे. ते राहून गेले असेल तर राजपत्रात नावाची नोंद करून घेण्याचे काम प्रवेशाच्या आधी उरकावे.