‘पान’ आणि ‘पत्र’ : अर्थविस्ताराचा एक अभ्यास

प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, पुढील चार वाक्ये लक्षपूर्वक वाचा. ‘वाऱ्याने पिंपळाचे पान सळसळले.’ ‘पोथीचे पान फाटले.’ ‘पहिल्या पंगतीला पन्नास पाने उठली.’ ‘जेवणानंतर आजोबांनी पान खाल्ले.’ चारही वाक्यांत ‘पान’ हाच शब्द आहे. परंतु त्याचा निर्देश दर वेळी निराळ्या गोष्टीकडे आहे. शब्दकोशात हे अर्थ एकाखाली एक क्रमांक देऊन नोंदवलेले असतात. ते एका शब्दात एकत्र कसे आले, हे मात्र क्रमांकांवरून कळत नाही. प्रस्तुत लेखात ‘पान’ आणि त्याचा सोबती ‘पत्र’ या दोन शब्दांच्या आधारे आपण या प्रश्नाचा विचार करणार आहोत. शब्दाचे अनेक अर्थ हा केवळ योगायोग नसतो. त्या अर्थांमागे समाजाच्या वस्तूंचा आणि व्यवहारांचा इतिहास असतो, हे यातून स्पष्ट होईल.

१. व्युत्पत्ती : दोन शब्द, दोन वाटा

‘पान’ हा तद्भव शब्द आहे. संस्कृत ‘पर्ण’, प्राकृत ‘पण्ण’ आणि मराठी ‘पान’ असा त्याचा प्रवास आहे. ‘कर्ण’, ‘कण्ण’, ‘कान’ ही साखळी याच नियमाने तयार झाली. जोडाक्षरातील एक व्यंजन लोपले, त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर दीर्घ झाला आणि ‘ण्ण’च्या जागी ‘न’ आला.

‘पत्र’ हा संस्कृत शब्द ‘पत्’ म्हणजे उडणे, पडणे या धातूपासून सिद्ध होतो. पंख, पीस आणि झाडाचे पान हे तिन्ही अर्थ संस्कृतात त्याला आहेत. मराठीत हा शब्द दोन रूपांनी नांदतो. ‘पत्त’ या प्राकृत रूपातून ‘पात’ आणि ‘पाते’ हे तद्भव शब्द आले. कांद्याची पात, गवताचे पाते, विळ्याचे पाते ही त्याची उदाहरणे. दुसरीकडे ‘पत्र’ हे तत्सम रूपही टिकले आणि त्याने पत्रक, पत्रिका, पत्रावळ असा मोठा परिवार निर्माण केला.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘मद्यपान’, ‘स्तनपान’, ‘विषपान’ या शब्दांतील ‘पान’ आपल्या विषयातला नाही. तो ‘पा’ म्हणजे पिणे या धातूपासून आलेला आहे. आपला ‘पाणी’ हा शब्दही त्याच धातूपासून बनलेल्या ‘पानीय’ या शब्दातून आला. झाडाचे पान आणि पिण्याची क्रिया यांचे रूप सारखे झाले, तो ध्वनिपरिवर्तनाचा योगायोग होय. म्हणून एकाच शब्दाचे परस्परसंबद्ध अर्थ म्हणजे अनेकार्थता आणि निरनिराळ्या शब्दांचे सारखे रूप म्हणजे समरूपता, असा भेद करावा लागतो. कोशकार पहिल्या प्रकारासाठी एक नोंद करतो, तर दुसऱ्यासाठी दोन.

२. वनस्पतीचे पान

व्यवहारात पान म्हणजे झाडाचा हिरवा, चपटा आणि पातळ भाग. वनस्पतिशास्त्राला एवढे वर्णन पुरत नाही. त्या शास्त्रात अवयवाच्या आकारापेक्षा त्याच्या स्थानाला महत्त्व आहे. पान खोडाच्या पेऱ्यावर उगवते आणि त्याच्या बगलेत कळी असते. या कसोटीने पाहिले तर नेहमीच्या काही समजुती बदलतात. फड्या निवडुंगाचा चपटा हिरवा फड पानासारखा दिसतो, पण ते खोड आहे. त्याची पाने काट्यांच्या रूपात उरलेली आहेत.

‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण आपण सहज वापरतो. शास्त्रीय दृष्टीने पळसाची ती तीन पाने म्हणजे एकाच संयुक्त पानाच्या तीन पर्णिका आहेत. बेलाचे त्रिदलही तसेच एक पान आहे. याचा अर्थ म्हण चुकीची आहे, असा नव्हे. लोकभाषा डोळ्यांना दिसणारे घटक मोजते आणि शास्त्र रचनेचे घटक मोजते. दोघांच्या कसोट्या निराळ्या आहेत, एवढेच.

विड्याच्या पानाच्या बाबतीत वेगळीच प्रक्रिया घडली. ‘पान खाल्ले’ असे म्हटल्यावर कोणते पान, असा प्रश्न कोणी विचारत नाही. सर्व पानांना लागू असणारा शब्द एका विशिष्ट पानापुरता मर्यादित झाला. याला अर्थसंकोच म्हणतात.

३. धातूचे पान

धातू ठोकून किंवा दाबून पसरवला की त्याला पानाचा मुख्य गुण प्राप्त होतो : जाडी अगदी कमी आणि पृष्ठभाग मोठा. या साम्यामुळे ‘पत्र’ या शब्दातून ‘पत्रा’ हा शब्द रूढ झाला. घरावरचा पत्रा पाहताना आज कोणाला झाडाची आठवण होत नाही. परंतु शब्दाच्या पोटात ती आठवण दडलेली आहे.

मिठाईवर लावतात तो ‘वर्ख’ हा शब्द अरबी ‘वरक’ या शब्दापासून आला. अरबीत त्याचा अर्थ झाडाची पाने आणि कागद असा आहे. मराठीने तो घेतला तो मुख्यतः सोन्या-चांदीच्या अतिपातळ पानापुरता. सोन्याचा वर्ख एक मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ होऊ शकतो. तो तयार करण्याची जुनी रीतही लक्षणीय आहे. कातड्याच्या किंवा विशिष्ट कागदाच्या पानांच्या थप्पीत धातूचे लहान तुकडे ठेवून ती थप्पी हातोडीने ठोकत राहतात. म्हणजे धातूचे पान खरोखरच पानांच्या मधोमध तयार होते.

असे साम्य इतर भाषांनीही टिपले आहे. लॅटिनमधील ‘फोलियम’ म्हणजे झाडाचे पान. ग्रंथाच्या पानाला वापरला जाणारा ‘फोलिओ’ आणि धातूच्या पातळ पत्र्यासाठीचा ‘फॉइल’ हे दोन्ही इंग्रजी शब्द याच मुळातून आले. तरीही प्रत्येक भाषेची निवड स्वतंत्र असते. मालमोटारीच्या स्प्रिंगमधील धातूच्या पट्टीला इंग्रजीत ‘लीफ’ म्हणतात. आपल्याकडील कारागीर तिला ‘पाटा’ म्हणतो. इंग्रजीला तेथे पान दिसले, मराठीला पट्टी दिसली.

४. लेखनाचे पान

धातूच्या बाबतीत साम्यामुळे अर्थ बदलला. लेखनाच्या बाबतीत मात्र आरंभी साम्याचा प्रश्नच नव्हता, कारण माणूस प्रत्यक्ष पानावरच लिहीत होता. ताडाची पाने विशिष्ट आकारात कापून त्यांवर मजकूर लिहीत किंवा कोरत. पानांना छिद्र पाडून त्यांतून दोरी ओवत. ‘ग्रंथ’ हा शब्द ज्या धातूपासून आला त्याचा अर्थ ओवणे, गुंफणे असा आहे, हे येथे लक्षात घ्यावे.

पुढे वस्तू बदलल्या, शब्द मात्र टिकला. ‘भूर्जपत्र’ ही वास्तविक भूर्ज वृक्षाची साल. तरी तिला ‘पत्र’ म्हटले गेले. याचा अर्थ ‘पत्र’ म्हणजे ‘ज्यावर लिहितात ते’ ही कल्पना तोवर रुजली होती. दानाचे लेख तांब्यावर कोरले गेले आणि ‘ताम्रपत्र’ हा शब्द आला. अनेक ताम्रपत्रे ताडपत्रांप्रमाणेच आडवी व लांबट आहेत आणि छिद्रातून ओवलेल्या कडीने एकत्र बांधलेली आहेत. कागदी पोथीनेही हा आडवा आकार सोडला नाही. काही जुन्या कागदी हस्तलिखितांत तर दोरीची गरज संपल्यावरही छिद्राची जागा मध्यभागी कोरी ठेवलेली किंवा नक्षीने सजवलेली दिसते.

यानंतर वस्तूकडून मजकुराकडे अर्थ सरकला. खुशालीचे ‘पत्र’ म्हणजे कागद नव्हे, तर त्यावरील निरोप. ‘मृत्युपत्र’ आणि ‘खरेदीपत्र’ म्हणजे कायदेशीर दस्त. बाळशास्त्री जांभेकर यांनी १८३२ मध्ये ‘दर्पण’ सुरू केले, त्या प्रकारच्या नियतकालिकाला आपण ‘वृत्तपत्र’ म्हणतो. आज संगणकाच्या पडद्यावर वाचले तरी ते वृत्तपत्रच राहते. मूळ पान आता शब्दातच उरले आहे.

मराठीच्या अभ्यासकाला येथे एक व्यावहारिक अडचण येते. पोथीत एका पत्राला एकच क्रमांक असतो, मात्र मजकूर दोन्ही बाजूंना असतो. छापील पुस्तकात प्रत्येक बाजूला स्वतंत्र क्रमांक असतो. त्या बाजूला ‘पृष्ठ’ म्हणतात, पण बोलताना आपण तिलाही ‘पान’च म्हणतो. त्यामुळे साठ पत्रांच्या पोथीत साधारणपणे एकशेवीस पृष्ठांचा मजकूर असतो. ‘पोथीची दोन पाने गहाळ आहेत’ या विधानात दोन पृष्ठांचा की चार पृष्ठांचा मजकूर नाहीसा झाला, हे स्पष्ट होत नाही. म्हणून हस्तलिखिताचा संदर्भ देताना ‘पत्र १२ अ’, ‘पत्र १२ ब’ असा बाजूचा निर्देश करावा. तसे केले नाही तर दुसऱ्या अभ्यासकाला तो उतारा सापडणार नाही, आणि संहितेतील उणीव किती मोठी आहे, याचाही अंदाज चुकेल.

५. लक्षणेच्या दृष्टीने

मम्मटाने ‘काव्यप्रकाश’ या ग्रंथात लक्षणेची तीन अंगे सांगितली आहेत : मुख्य अर्थाला बाध येणे, नव्या अर्थाचा मुख्य अर्थाशी संबंध असणे आणि त्यामागे रूढी किंवा प्रयोजन असणे. ‘पन्नास पाने उठली’ या वाक्यात पाने उठू शकत नाहीत, म्हणून मुख्यार्थाला बाध येतो. पानावर जेवणारी माणसे हा अर्थ सान्निध्याच्या संबंधाने मिळतो आणि भाषेची रूढी त्याला मान्यता देते. ‘पत्रा’ या शब्दात संबंध साम्याचा आहे. ‘खुशालीचे पत्र’ यात लेखनाचे साधन आणि मजकूर असा आहे. अशा रीतीने काव्यशास्त्रातील ही संकल्पना रोजच्या भाषेचेही स्पष्टीकरण करते.

समारोप

पान या शब्दाचे अर्थ एका मुळातून निघाले. तथापि प्रत्येक क्षेत्राने त्यातला एक गुण निवडला. वनस्पतिशास्त्राने स्थान निवडले, धातुकामाने पातळपणा निवडला आणि लेखनव्यवहाराने लिहिण्याजोगा पृष्ठभाग निवडला. म्हणून ‘या शब्दाचा खरा अर्थ कोणता?’ या प्रश्नापेक्षा ‘या संदर्भात कोणता गुण अभिप्रेत आहे?’ हा प्रश्न अधिक उपयुक्त ठरतो. जुनी संहिता वाचताना तो विचारण्याची सवय ठेवावी.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. अनेकार्थता आणि समरूपता यांतील भेद ‘पान’ या शब्दाच्या आधारे स्पष्ट करा.
२. ‘भूर्जपत्र’ आणि ‘वृत्तपत्र’ या शब्दांत ‘पत्र’ या शब्दाचा अर्थ कसा बदलला, ते लिहा.
३. ‘डोळ्याचे पाते’, ‘पिकले पान’ आणि ‘पानसुपारी’ या प्रयोगांत अर्थपरिवर्तनाचा कोणता प्रकार आढळतो, ते सांगा.